३ डिसेंबरला बोलावता, मग ५ डिसेंबरला का नाही?

माननीय अध्यक्ष आणि सर्व विश्वस्त यांस,

सप्रेम नमस्कार.

आपलं दीड पानी परिपत्रक गेल्या महिन्यात केंद्रावर आलं. ते मला आमच्या गटातल्या तेरा वर्षांच्या मुलाने वाचून दाखवलं, कारण छापलेलं मला आता वाचता येत नाही. वयाबरोबर येणारा डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. कडेकडेचं दिसतं, मधोमध धुकं. समोरच्याचे खांदे दिसतात, चेहरा दिसत नाही. मुलगा खणखणीत आवाजात वाचत होता: 'यापुढे स्वयंसेवक म्हणून केवळ १८ ते ६० वयोगटातील आणि शारीरिक व मानसिकदृष्ट्या सक्षम असल्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र सादर करणाऱ्या व्यक्तींचीच नोंदणी करण्यात येईल. उर्वरित व्यक्तींना संस्थेच्या लाभार्थी उपक्रमांत सामावून घेण्यात येईल.' इथे तो थांबला. बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाला, "आजी, मी पाच वर्षांनी कमी पडलो आणि तुम्ही आठ वर्षांनी जास्त झालात."

या परिपत्रकाबद्दल मी आपल्याला दोन पत्रं लिहिली. पहिल्याचं उत्तर आलं नाही. दुसऱ्याला एका ओळीचं आलं: 'आपल्या भावनांचा मंडळ आदर करते.' माझ्या पत्रात भावना फारशा नव्हत्या, प्रश्न होते. ते आता चारचौघांत विचारते आहे. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मला नाव खराब करायचं नाही, ठराव बदलून घ्यायचा आहे. असा ठराव आणखी कुठे झाला असेल तर वाचणाऱ्याने आपल्या संस्थेचं नाव मनातल्या मनात घालून घ्यावं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी कामाबद्दल. आमचं केंद्र रुग्णोपयोगी साहित्याचं. कुबड्या, वॉकर, व्हीलचेअर, कमोडच्या खुर्च्या, हवेच्या गाद्या, डोक्याकडून उचलता येणारे पलंग. ज्याला गरज आहे त्याने न्यावं, गरज संपली की आणून द्यावं. परत आलेली वस्तू धुऊन, तपासून, लागेल तिथे दुरुस्त करून पुन्हा फडताळात जाते. ऐकायला सोपं वाटतं. पण वॉकरच्या चार पायांपैकी एकाचं रबरी बूच झिजलेलं राहिलं, तर पाय मोडलेला माणूस त्याच वॉकरमुळे दुसऱ्यांदा पडतो. हवेच्या गादीला टाचणीएवढं छिद्र राहिलं, तर रात्रीतून हवा उतरते आणि सकाळी अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडापाशी लाली दिसते. जखमेची सुरुवात तिथूनच होते, आणि ती भरायला मग महिने जातात.

शनिवारच्या गटात आम्ही अकरा जण. आपल्या नियमाने त्यांतले सात बाद होतात. नावं लिहीत नाही, कारण पत्र मी लिहिते आहे, त्यांनी प्रसिद्धी मागितलेली नाही. तसंही आमच्यात कामावरूनच हाक मारतात.

चाकवाल्यांपासून सुरू करते. मणक्याला इजा होऊन त्यांना सोळा वर्षं झाली. आमच्याकडे येणारी प्रत्येक व्हीलचेअर ते स्वतः बसून, फिरवून बघतात. पुढचं लहान चाक थरथरतं का, ब्रेक दोन्ही बाजूंना सारखा धरतो का, पायठेवणीचा खिळा बाहेर आला आहे का. न्यायला आलेल्या माणसाला ते आधी विचारतात, "बसणार कोण? त्यांना आणलंय का?" बऱ्याच जणांना वाटतं की खुर्ची जितकी रुंद तितकी आरामाची. चाकवाले त्यांना दाखवतात की मांडीच्या दोन्ही बाजूंना बोटभर जागा पुरे. जास्त झाली की माणूस एका अंगाला कलतो आणि कलता कलता पाठ वाकडी होते. मग स्वतःच्या खुर्चीच्या हातांवर जोर देऊन बूड उचलून दाखवतात आणि सांगतात, हे दिवसभर थोड्या थोड्या वेळाने करायचं, विसरलात तर कातडी फाटेल. धडधाकट माणसाने हे सांगितलं असतं तर लोकांनी मान डोलावली असती. चाकवाल्यांनी सांगितलं की लोक तिथल्या तिथे करून बघतात.

शिक्केवाला चोवीस वर्षांचा आहे, जन्मापासून डाउन सिंड्रोम. तपासलेल्या वस्तूला चिठ्ठी बांधून तारखेचा शिक्का मारणं हे त्याचं काम. चिठ्ठीवर सहा चौकोन असतात. धुतलं, बूच पाहिलं, स्क्रू पाहिले, कुलूप पाहिलं, वापरून पाहिलं, नोंद केली. सहापैकी पाचच खुणा असतील तर तो काही बोलत नाही, शिक्का खिशात घालतो आणि आपल्याकडे बघत उभा राहतो. मी त्याला एकदा घाईत म्हटलं होतं, "अरे, मार ना, मी पाहिलंय." त्याने चिठ्ठी माझ्या हातात परत दिली. पाहिलं होतं, पण खूण केली नव्हती. आपल्या कार्यालयात येणाऱ्या किती कागदांना असा शिक्केवाला भेटतो, हा प्रश्न मी इथे विचारत नाही.

शिवणवाल्या ताई जन्मतः कर्णबधिर आहेत. गाद्यांची आवरणं, पट्टे, खुर्च्यांच्या बैठका त्यांच्याकडे. त्यांच्यामुळे आम्हा सगळ्यांना चाळीसेक खुणा येतात, मला त्यांच्या खुणा तळहातावर कराव्या लागतात एवढंच. मागच्या बाजूला पाइप कापायचं यंत्र सुरू असतं तेव्हा बोलून काही कळत नाही, तेव्हा सगळं काम खुणांवरच चालतं.

आमचे मिस्त्रीकाका एक्क्याऐंशीचे. आयुष्य यंत्रं उघडण्यात गेलं. आता हात कापतात, पेचकस धरवत नाही. म्हणून पेचकस तेरा वर्षांच्या मुलाच्या हातात असतो आणि काका शेजारी स्टुलावर बसून सांगतात, "अर्धा आटा मागे. थांब. आता तेल." फोनवर दहावीतली मुलगी बसते. कोणाची मुदत संपली, कोणाला अजून महिनाभर हवं आहे, हे विचारायला तिचा आवाज बरा पडतो. म्हाताऱ्या माणसांना वसुलीचा फोन वाटत नाही, आणि दोन वाक्यं जास्त बोलून ती बरं वाटतंय का हेही विचारते.

आणि मी. मी नखाने पाहते. ॲल्युमिनियमच्या नळीला केसासारखी चीर असेल तर ती डोळ्यांना दिसायच्या आधी नखाला अडते. वॉकर उघडताना दोन्ही बाजूंची बटणं 'टक' वाजून बसली पाहिजेत. एका बाजूचा आवाज भरीव आणि दुसऱ्या बाजूचा पोकळ आला तर मी तो बाजूला ठेवते.

उरले चौघे, ते आपल्या नियमात बसतात. पलंग उचलणं, गाडीतून नेणं, जिन्यावरून वर चढवणं त्यांच्या जिवावर चालतं. त्यांच्याशिवाय आमचं एक पाऊल पुढे पडणार नाही, हेही लिहिलं पाहिजे. त्यांच्यापैकी एकाने परिपत्रक ऐकल्यावर एवढंच म्हटलं की, तुम्ही कोणी नसाल तर मी एकट्याने तपासलेला वॉकर माझ्या आईलासुद्धा देणार नाही.

आता माझं स्वतःचं. नऊ वर्षांपूर्वी मी या केंद्रात स्वयंसेविका म्हणून आले नाही. आपल्याच शब्दांत, लाभार्थी म्हणून आले. माझे यजमान अंथरुणाला खिळले होते. हवेची गादी, कमोडची खुर्ची आणि पलंग, तिन्ही गोष्टी इथूनच नेल्या. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची असते हे मला इथल्याच एका बाईंनी शिकवलं. सात महिन्यांनी ते गेले. सामान परत करायला आले तेव्हा कोणी सांत्वन केलं नाही. खुर्चीवरचा नावाचा कागद सुटला होता. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझ्या हातात डिंकाची बाटली दिली आणि म्हणाले, "जरा धरता का?" मी धरली. त्या दिवशी अकरा चिठ्ठ्या चिकटवल्या. पुढच्या शनिवारी पुन्हा गेले. तेव्हा नजर शाबूत होती. नजर उतरत गेली तसं काम बदलत गेलं, आधी नोंदवही, मग चिठ्ठ्या, मग नख. या नऊ वर्षांत मी कोणत्या दिवशी लाभार्थीची स्वयंसेविका झाले आणि कोणत्या दिवशी पुन्हा लाभार्थी झाले, ते मंडळाने मला सांगावं. मला तरी ती तारीख सापडत नाही.

आता तक्रारी.

पहिली आपल्या दिनदर्शिकेबद्दल. संस्था १ ऑक्टोबरला ज्येष्ठांचा दिवस करते, २० नोव्हेंबरला मुलांचा, ३ डिसेंबरला दिव्यांग व्यक्तींचा आणि ५ डिसेंबरला स्वयंसेवकांचा. चारही दिवस संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेले. स्वयंसेवकांचा १९८५ साली आणि दिव्यांग व्यक्तींचा १९९२ साली जाहीर झाला. नव्या नियमाने पहिल्या तिन्ही दिवशी आम्हाला पहिल्या रांगेत बसवणार, हातात फूल देणार, फोटो काढणार, आणि चौथ्या दिवशी दारात यादी बघून परत पाठवणार. चाकवाल्यांना ३ डिसेंबरला व्यासपीठावर उचलून नेणारी संस्था दोनच दिवसांनी त्यांना म्हणणार की तुम्ही कामाचे नाही. गंमत म्हणजे व्यासपीठावर उचलूनच न्यावं लागतं, कारण तिथे जायला उतार नाही.

उताराचा विषय निघालाच आहे तर दुसरी तक्रार. व्हीलचेअर देणाऱ्या केंद्राच्या दारात पायरी आहे. पंधरा सेंटिमीटरची, एकच. चार वर्षांत पाच वेळा लेखी कळवलं. उताराचं सर्वमान्य प्रमाण एकास बारा, म्हणजे पंधरा सेंटिमीटर चढायला एकशे ऐंशी सेंटिमीटर लांबी. दारासमोर तेवढी मोकळी जागा आहे, मी पावलांनी मोजली आणि मुलाने पट्टीने. दर शनिवारी चाकवाल्यांना दोघं जण खुर्चीसकट उचलतात. 'त्यांना उचलावं लागतं' असं आपल्या टिपणीत कारण म्हणून लिहिलं आहे, ते वाचून आम्ही हसलो. उचलावं लागतं ते पायरीमुळे. आणि जाता जाता, आमच्या पलंगांनाही चाकं आहेत. उतार झाला तर पलंग नेणाऱ्या त्या चार सक्षम माणसांच्या कमराही वाचतील.

तिसरी अपघाताबद्दल, आणि हिच्यावर मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण सगळा ठराव तिच्यावर उभा आहे. परिपत्रकात म्हटलं आहे, 'अलीकडील दुर्घटना लक्षात घेता'. ती दुर्घटना म्हणजे मिस्त्रीकाका मागच्या बोळात पडले आणि त्यांचं मनगट मोडलं. खरं आहे. पडले तेव्हा सगळ्यात जवळ मीच होते. आवाजावरून मला आधी वाटलं की कुबड्यांचा गठ्ठा कोसळला. आता त्या बोळातल्या दिव्याबद्दल. तो दिवा दोन महिने बंद होता. तक्रारवहीत तीन नोंदी आहेत, दहावीतल्या मुलीच्या अक्षरातल्या. नळाची गळतीही त्याच पानावर आहे. अंधारात ओल्या फरशीवर एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस पडला, तसा एकतीस वर्षांचाही पडला असता, कदाचित हसत उठला असता. मंडळाने यावर उपाय काय केला? माणूस काढला. दिवा अजून बंद आहे. काका सहा आठवडे प्लास्टर घालून आले, स्टुलावर बसले आणि मुलाला म्हणाले, "तसंही सांगायला तोंड लागतं."

चौथी, प्रमाणपत्राची. शिक्केवाल्याची आई प्रमाणपत्रासाठी त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी विचारलं, "कशासाठी सक्षम?" तिच्याकडे उत्तर नव्हतं, कारण आपल्या परिपत्रकात नाही. पलंग उचलायला तो सक्षम नाही, मीही नाही. अर्धवट तपासलेला वॉकर दाराबाहेर जाऊ न देण्यासाठी त्याच्याइतका सक्षम माणूस आमच्यात दुसरा नाही. काम सांगितल्याशिवाय सक्षम हा शब्द वापरता येत नाही, एवढं त्या डॉक्टरांना एका मिनिटात कळलं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १३ डिसेंबर २००६ रोजी दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा करार संमत केला. त्यात दोन गोष्टी साफ लिहिल्या आहेत. एक, शरीरातली उणीव आणि समाजाने उभे केलेले अडथळे यांची गाठ पडते तेव्हा माणसाचा सहभाग अडतो. दोन, समोरच्यावर अवाजवी भार न पडता जी सोय करून देता येते ती नाकारणं हाही भेदभाव आहे. एक उतार, एक दिवा, मोठ्या अक्षरातली चिठ्ठी, हा कोणत्याही हिशेबाने अवाजवी भार होत नाही. ज्येष्ठांबद्दल त्याच आमसभेने १९९१ साली तत्त्वं मान्य केली. त्यांत म्हटलं आहे की, ज्येष्ठांना समाजसेवेच्या संधी शोधता याव्यात आणि आपल्या आवडीप्रमाणे व कुवतीप्रमाणे स्वयंसेवक म्हणून काम करता यावं. साठीनंतर घरी बसा असं त्यात कुठे नाही. ही तत्त्वं आपल्या वार्षिक अहवालाच्या शेवटच्या पानावर छापलेली असतात. मुलाने मला तीही वाचून दाखवली.

पाचवी छोटी आहे. नव्या नोंदणीचा अर्ज आपण कागदाचा फोटो काढून पाठवला आहे. माझा फोन मला मजकूर वाचून दाखवतो, फोटो वाचता येत नाही. म्हणजे मी अपात्र आहे हे सांगणारा अर्जही मला दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागला.

सहावी लिहिताना हात जड होतो. गेल्या वर्षीच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर शिक्केवाल्याचा फोटो आहे. तो काम करत असतानाचाच, हातात शिक्का. खाली ओळ: 'लाभार्थीच्या चेहऱ्यावरील समाधान'. त्याच्या आईने अहवालाचं ते पान भिंतीवर लावलं, कारण फोटो खरंच छान आला आहे, आणि ती ओळ कात्रीने कापून टाकली. त्याने विचारलं, "खाली काय लिहिलं होतं?" ती म्हणाली, "छापणाऱ्याची चूक होती." मला वाटतं, सगळा ठराव त्या कापलेल्या पट्टीत मावतो.

मुलांबद्दल आपली काळजी मला पटते, अर्धी. तेरा वर्षांच्या मुलाने यंत्राशी जाऊ नये, वजन उचलू नये, कोणाच्या घरी एकट्याने जाऊ नये, कोणा एका मोठ्या माणसाबरोबर बंद खोलीत एकटं असू नये. पालकांची लेखी संमती असावी. हे सगळं आम्ही आधीपासून पाळतो, मंडळाने ते लिहून द्यावं, आम्हाला हवंच आहे. पण सांभाळायचं म्हणून बाहेर काढायचं, हे मला पटत नाही. मुलांच्या हक्कांचा करार १९८९ चा. मुलाशी संबंधित निर्णयात त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं, त्याच्या वयाप्रमाणे त्याला वजन द्यावं, हे त्यात आहे. याला कोणी विचारलं? ११ मार्च २०११ रोजी जपानमधल्या कामाइशी शहरात भूकंपानंतर त्सुनामी आली. तिथल्या माध्यमिक शाळेतली मुलं कोणी सांगायची वाट न बघता उंचावर पळाली. त्यांना बघून शेजारच्या प्राथमिक शाळेतली मुलं मागे निघाली. मोठ्यांनी लहानांचे हात धरले, वाटेत पाळणाघरातल्या बाळांना आणि म्हाताऱ्यांनाही मदत केली. पहिली जागा सुरक्षित वाटली नाही म्हणून आणखी वर गेली. त्या दिवशी त्या दोन्ही शाळांत हजर असलेली मुलं वाचली. ती आयत्या वेळी शूर झाली नव्हती. त्याआधी काही वर्षं शाळेत त्यांना धोका ओळखायला आणि लहानांना सोबत न्यायला शिकवलं होतं. अठरावा वाढदिवस झाला की दुसऱ्याची जबाबदारी आपोआप येत असेल, असं मला माझ्या आसपासची मोठी माणसं बघून तरी वाटत नाही.

आमचे दोषही लिहिते, नाहीतर मंडळ लिहीलच. आम्ही हळू आहोत. एक व्हीलचेअर तपासायला चार तरुणांना दहा मिनिटं लागतील, आम्हाला पंचवीस लागतात. एकदा मुलाने घराचा क्रमांक उलटा लिहिला आणि पलंग भलत्याच दारात गेला. तेव्हापासून पत्ता दोनदा मोठ्याने वाचायचा नियम झाला. एकदा शिवणवाल्या ताई आणि एका गृहस्थांमध्ये गैरसमज झाला, गृहस्थ ओरडले, त्यांना वाटलं ताई मुद्दाम दुर्लक्ष करतात. आता त्यांच्या टेबलावर पाटी आहे: 'मला ऐकू येत नाही. लिहा किंवा खूण करा.' पाटी शिक्केवाल्याने रंगवली, थोडी तिरकी. विम्याचा मुद्दा आपण तोंडी मांडला होता. तो असेल तर आकडे दाखवा. कोणत्या कामाला किती जोखीम, कोणता हप्ता, कोणती अट. मी कारकुनीत आयुष्य काढलं आहे, मुलगा वाचेल आणि मी समजून घेईन. 'विम्यात बसत नाही' हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे, आणि बहुतेक वेळा ते म्हणणाऱ्याने विम्याचा कागद वाचलेला नसतो.

शेवटची तक्रार: ठराव झाला त्या बैठकीत शनिवारच्या गटातलं कोणीही नव्हतं. बोलावलं नव्हतं. 'आमच्याबद्दलचं काहीही आमच्याशिवाय नको' ही जगभरच्या दिव्यांग चळवळीची जुनी घोषणा आहे, आपल्या सभागृहाच्या भिंतीवरही ती रंगवलेली आहे. त्याच भिंतीखाली बसून हा ठराव झाला, इतकंच नोंदवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात १३० कोटी लोकांना लक्षणीय अपंगत्व आहे, म्हणजे दर सहा माणसांत एकाला. त्यात साठीपुढचे आणि अठरा न झालेले मिळवा. मग आपल्या नियमात बसणाऱ्यांची मोजणी करा, आणि त्यातल्या नोकरीवर, लहान मुलांत आणि प्रवासात अडकलेल्यांना वजा करा. शनिवारी सकाळी दहा वाजता कोण उरतं ते मला कळवा.

मागण्या थोड्या आहेत.

ठराव मागे घ्यावा. वयाची आणि प्रमाणपत्राची अट काढावी आणि तिच्या जागी कामांची यादी करावी: हे काम असं, त्याला हे लागतं, वजन इतकं, सोबत कोण. माणसाने त्यातून आपलं काम निवडावं, गटाने होकार द्यावा. मुलांसाठी वर लिहिलेले नियम लेखी करावेत. दारात उतार आणि बोळात दिवा, दोन्ही याच महिन्यात. संस्थेचे अर्ज आणि सूचना फोनला वाचता येतील अशा द्याव्यात आणि बैठकीला शिवणवाल्या ताई येतील तेव्हा खुणांच्या भाषेचा दुभाषी असावा. केंद्राबद्दल निर्णय घेणाऱ्या समितीत आमच्या गटातले दोघं असावेत, मतासह. त्यातला एक तरी आपल्या नियमाने बाद झालेला. आणि अहवालाच्या पुढच्या अंकात त्या फोटोखालची ओळ दुरुस्त करून छापावी. नवी ओळ मी सुचवत नाही. शिक्केवाल्यालाच विचारा, तो चांगलं सांगतो.

सत्कार नको. फुलं, शाली, स्मृतिचिन्हं यांपैकी काही नको. ठेवायला जागा नाही, फडताळं गाद्यांनी भरली आहेत.

परिपत्रकात शेवटी लिहिलं आहे की, चाव्या महिनाअखेरीस कार्यालयात जमा कराव्यात. केंद्राच्या तीन चाव्यांपैकी एक माझ्याकडे आहे. या शनिवारी एक हवेची गादी परत येणार आहे, आणि एका बाईंना वॉकर द्यायचा आहे. त्यांचं खुब्याचं ऑपरेशन झालं आहे, त्यांचा मुलगा त्यांना घेऊन येणार आहे, मनगटापर्यंत उंची मोजून वॉकर लावून द्यावा लागेल. त्यामुळे मी नेहमीसारखी दहाला कुलूप उघडणार आहे. आपल्यापैकी कोणी आलं तर बरं होईल, बोलता येईल. येताना बोळातला दिवा बदलायचं मनात असेल तर शिडी आतल्या खोलीत आहे, दाराच्या डाव्या हाताला. खालच्या पायरीचा स्क्रू काकांनी मुलाकडून गेल्याच आठवड्यात घट्ट करून घेतला आहे, आणि चिठ्ठीवर सहाही खुणा आहेत.

आपली,
शनिवार गटातली एक स्वयंसेविका